चार नंबरचा सांधा

त्या रविवारी कारखान्याची काजळी नेहमीपेक्षा जास्त पडत होती. आराधना श्रीरामपूरला बसमधून उतरली, शेअर रिक्षाने बेलापूरला आली, आणि फाटकापासून ओट्यापर्यंत पोचेतो तिच्या पिवळ्या ओढणीवर काळे ठिपके बसले. गळीत हंगामात हे असंच चालायचं. दोरीवरचे कपडे, पाण्याचं पिंप, वाळत घातलेल्या मिरच्या, सगळ्यांवर उसाच्या चिपाडाची जळकी भुकटी. तिच्या वडिलांचा, विल्सन ओहोळांचा, या काजळीवर जेवढा राग होता तेवढा कुठल्याही माणसावर नव्हता. कारण ती खिडकीच्या फटीतून मागच्या खोलीत शिरायची आणि त्यांच्या रेल्वेच्या सांध्यांत जाऊन बसायची.

"आलीस? आधी हात धू," ते खुर्चीतूनच म्हणाले. "चार नंबर पुन्हा रुसलाय."

मागच्या खोलीत टेबलाशिवाय दुसरं काही मावतच नव्हतं. टेबल म्हणजे लाकडी चौकटीवर ठोकलेल्या प्लायवुडच्या फळ्या. कडेने एक माणूस आडवा होऊन जाईल एवढीच वाट. त्या फळ्यांवर एक अख्खं रेल्वे स्टेशन होतं. फलाट, पाण्याची टाकी, मालधक्का, ऊस भरलेल्या, मालगाडीच्या काडेपेटीएवढ्या वाघिणी, आणि मधून गेलेला निळा पाट. विल्सन ओहोळ पाटबंधारे खात्यात आरेखक होते. खात्यासाठी कागदावर कालवे काढले आणि घरी येऊन रूळ अंथरले, असं आराधनाची आई रतनबाई पाहुण्यांना सांगायची. सांगताना हसायची, पण त्या खोलीचा केर मात्र नवऱ्याला विचारल्याशिवाय काढायची नाही.

एका रुळातून दुसरा रूळ फुटतो तिथे सांधा असतो. दोन बारीक पाती. बटण दाबलं की फळीखालची छोटी मोटार त्या पात्यांना खट्कन एका अंगाला ओढते आणि गाडी आपली वाट सोडून फलाटाला लागते. पातं रुळाला घट्ट चिकटायला हवं. केसाएवढी फट राहिली तरी इंजिनाचं चाक त्या फटीत शिरतं आणि गाडी घसरते. असे सहा सांधे त्या टेबलावर होते, आणि त्यातला एक ना एक कायम बिघडलेला असे. कधी काजळी, कधी पावसाळ्यात फुगलेली फळी, कधी मोटारीची सैल झालेली तार.

वरचं काम सोपं. ब्रश फिरवायचा, पात्यावरून नख फिरवून बघायचं. खरं काम खाली. फळीखाली उताणं पडून, तोंडावर लोंबणाऱ्या तारांतून नेमकी तार शोधायची आणि कथील वितळवून तिला जोडाचा डाग द्यायचा. आराधना शाळेत होती तेव्हापासून ते खालचं जग पप्पांचं होतं. ते घडी घातलेल्या गोधडीवर आडवे होऊन आत सरकायचे. ती बाहेर उकिडवी बसायची. आतून आवाज यायचा, "पकड." मग, "ही नव्हे, बारीक." ती द्यायची. धाकटा भाऊ सॅम्युएल बॅट घेऊन पळून जायचा. ती कधी पळाली नाही. खाली काय चाललंय ते मात्र तिला कधी दिसलं नाही. एकदा तिने डोकं आत घातलं तर ते म्हणाले होते, "उजेड अडतो."

आणि मग गेल्या दिवाळीत, तिचे केस कानापाशी पांढरे व्हायला लागल्यावर, त्यांनी एका रविवारी डाग द्यायची गन तिच्या हातात ठेवली होती. "आजपासून खालचं तुझं. माझ्या डोळ्यांना आता तारा दिसत नाहीत." एवढंच. ती नगरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. तिच्या हाताखाली माणसं होती, सभेत तिचं मत विचारलं जाई. त्या संध्याकाळी परतीच्या बसमध्ये ती बोटावरचा भाजल्याचा डाग पुन्हा पुन्हा बघत होती आणि शेजारच्या बाईला कळू नये म्हणून खिडकीकडे तोंड करून हसत होती.

तेव्हापासूनचे सगळे रविवार असेच गेले होते. हाही तसाच. ती खाली, ते खुर्चीत. खालून तिला त्यांचे लोकरी मोजे घातलेले पाय दिसत होते.

"पप्पा, एकदा बघता का? डाग नीट बसलाय का?"

"मी काय बघू? कान आहेत ना." त्यांनी बटण दाबलं. खट्. "हं. बसला."

"बघा तरी."

"ग्रंथपालबाई, पुस्तक देताना तुम्ही सगळी पानं मोजून देता का?"

"फाटकं असेल तर मोजते."

"मग हे फाटकं नाही."

बाहेरून रतनबाईंचा आवाज आला. "अगं, ये आता बाहेर. पोरगी माहेरी येते का वर्कशॉपला, तेच कळत नाही मला. चहाचं पाणी झालं!"

निघताना ती त्यांच्या खुर्चीपाशी उभी राहिली. एरवी ते तिला रिक्षापर्यंत सोडायला यायचे. हल्ली गुडघा दुखतो म्हणून फाटकापर्यंतही येत नव्हते. "पुढच्या रविवारी दोन नंबर बघू," ते म्हणाले. "तोही कुरकुरतोय."

"बघू," ती म्हणाली. आणखी काही म्हणावंसं वाटलं होतं. पण ओहोळांच्या घरात पप्पांवर कुणी चिडत नसे आणि पप्पांना कुणी बिलगतही नसे. तिने पर्स खांद्याला लावली.

बुधवारी सकाळी सॅम्युएलचा फोन आला.

पप्पांच्या दफनविधीला चर्च भरलं होतं. आराधनाला त्या दिवसाचं फारसं आठवत नव्हतं, पण एक गोष्ट मनात अडकून राहिली. कुणीच दचकलेलं दिसत नव्हतं. "असं कसं अचानक?" ती ज्याला त्याला विचारत होती, आणि लोक तिच्या खांद्यावर हात ठेवून दुसरीकडे बघत होते. "हार्ट," सॅम्युएल म्हणाला होता. "एका क्षणात गेले, ताई." तिने ते तसंच धरलं. एका क्षणात. त्यात निदान दुखणं नव्हतं.

महिना झाल्यावरची स्मरणाची प्रार्थना घरीच ठेवली होती. संडे स्कूलच्या मुलांना मास्तरांची गाडी बघायची होती. विल्सन ओहोळ कधी शाळेत शिकवायला नव्हते, तरी मुलं त्यांना मास्तरच म्हणायची. रतनबाईंचंही म्हणणं पडलं की त्या दिवशी गाडी फिरावी. चार नंबर पुन्हा अडतोय, असं सॅम्युएलने कळवलं होतं. म्हणून आराधना सकाळीच आली. आधी स्वयंपाकघरात थोडा हात लावायचा आणि मग खोलीत जायचं, असं तिने ठरवलं होतं.

स्वयंपाकघरात पुलावाची तयारी चालली होती. रतनबाई लसूण सोलत होत्या. पलीकडच्या घरातल्या भागूबाई, चर्चच्या महिला मंडळातल्या त्यांच्या जोडीदार, तांदूळ निवडत होत्या. आराधना कांदा चिरायला बसली.

"रतनबाई, ती खुर्ची आता देऊन टाका कुनाला तरी," भागूबाई म्हणाल्या. "डोळ्यापुढं नको. दिवाळीपास्नं त्याच खुर्चीत रात काढायचे भाऊ. आडवं झालं की दम कोंडायचा. पाय तर असे सुजलेले, मोजं कसंबसं चढायचं. लई हाल झाले बघा."

आराधनाची सुरी थांबली. "दिवाळीपासून?"

"भागूबाई, तांदूळ झाले का?" रतनबाई घाईने म्हणाल्या.

"आता काय लपवायचं? गेले ते. अन् लपलं तरी कुठं हुतं? दर रविवारी पाळकसाहेब आजाऱ्यांच्या प्रार्थनेत नाव घेत हुते की. समदी मंडळी उभी ऱ्हायची." मग त्यांचा हात ताटातच राहिला. त्यांनी आराधनाकडे पाहिलं, मग रतनबाईंकडे. "पोरीला अजून न्हाई सांगितलं व्हय तुमी?"

मसाला तडतडत होता, रतनबाईंनी उठून गॅस बंद केला.

"त्यांनीच बजावलं होतं," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "डॉक्टरनी सांगितलं, हृदयात जोर राहिला नाही. औषधावर जातील तेवढे दिवस. घरी आल्यावर यांनी पहिलं हेच सांगितलं. आराधनाला कळता कामा नये. ती रजा टाकून येऊन बसेल, आजाराची पुस्तकं वाचेल आणि मला पेशंट करून टाकेल."

"आणि अख्ख्या चर्चला कळलं तर चालत होतं."

"प्रार्थना मागायची नाही का मग?" रतनबाई वळल्या. त्यांच्या आवाजात राग होता, तो खरं म्हणजे भीतीचा होता. "तू चर्चला येत असतीस तर पहिल्याच रविवारी कळलं असतं तुला. दारात येतेस ती दुपारी, सगळं आटोपल्यावर. आम्ही काय तुझ्यापासून लपवून चर्चमध्ये गेलो? उघड्यावर घेत होते त्यांचं नाव!"

हे खरं होतं. कित्येक वर्षांपूर्वी तिने चर्चला जाणं सोडलं, तेव्हा पप्पांनी एका शब्दाने विचारलं नव्हतं. त्यांचा तो मोठेपणा तिने किती जणांना सांगितला होता. आणि त्याच गोष्टीच्या भरवशावर ते निर्धास्त राहिले. लेक चर्चला येत नाही. तिथलं तिच्या कानावर काही जायचं नाही.

सॅम्युएल मागच्या दारातून जास्तीच्या खुर्च्या घेऊन आला आणि तिघींची तोंडं बघून तिथेच थांबला.

"तुलाही माहीत होतं," आराधना म्हणाली.

त्याने खुर्च्या खाली ठेवल्या. "मी सांगणार होतो, ताई. फोन हातात घेतला होता."

"मग?"

"पप्पांनी शब्द घेतला होता माझ्याकडून. म्हणाले, आठवड्यात रविवारची दुपार तेवढी मी आजारी नसतो. ती माझ्याकडे राहू दे."

कदाचित त्याला वाटलं असेल की हे ऐकून तिला बरं वाटेल. तिने सुरी ताटात ठेवली.

"म्हणजे खरे दिवस तुम्हाला दिले," ती म्हणाली, "आणि माझ्यापुढे नाटक केलं."

"असं नको बोलूस."

"दिवाळी," ती म्हणाली. ती त्याच्याशी बोलत नव्हती. तिचं गणित आता कुठे जुळत होतं. आडवं झालं की दम कोंडायचा. "आई, खालचं काम त्यांनी मला का दिलं?"

"कुठलं खालचं?"

"सांध्यांचं. टेबलाखालचं."

रतनबाईंना प्रश्नातली गोम कळली नाही. त्या सरळ म्हणाल्या, "का म्हणजे? त्यांना आडवं होता येईना. सॅमला त्यातलं काही येत नाही. आणि तुला तर केवढा आनंद झाला होता! तू गेल्यावर म्हणाले, तिला काही कळलं नाही. खूश आहे ती."

आराधनाने कांदा अर्धा टाकला, हात धुतले, आणि ओट्यावर जाऊन बसली. मागच्या खोलीत ती गेली नाही. सॅम्युएल दोनदा दारापर्यंत येऊन परत गेला. अंगणात काजळी पडत होती. तिने ती अंगावरून झटकलीही नाही.

दुपारी माणसं आली. पुढच्या खोलीत सतरंजीवर बायका, ओट्यावर पुरुष, मुलं जिथे जागा मिळेल तिथे. गीतं झाली, वचन वाचलं गेलं. पाळकसाहेब वयाने मोठे, मऊ बोलणारे. त्यांनी प्रार्थनेत म्हटलं, "हे प्रभू, तू आमच्या भावाला एकदम नेलं नाहीस. या कुटुंबाला मनाची तयारी करायला तू वेळ दिलास, म्हणून आम्ही तुझे उपकार मानतो." सगळे "आमेन" म्हणाले. आराधना डोळे उघडे ठेवून बसली होती. मिटलेल्या डोळ्यांच्या त्या सगळ्या चेहऱ्यांवरून तिची नजर फिरत होती. दर रविवारी ते उठून उभे राहत होते. दुपारी रस्त्यात ती भेटली की "कशी आहेस, आरू?" म्हणून विचारत होते.

"आराधनाताई," पाळकसाहेब म्हणाले, "वडिलांविषयी दोन शब्द बोलून साक्ष द्याल?"

तिने नकारार्थी मान हलवली. ते समजूतदारपणे हसले. शोकात माणसाला बोलवत नाही, असं त्यांना वाटलं असावं.

चहा झाल्यावर मुलं मागच्या खोलीकडे धावली, आणि मुलांमागे मोठेही गेले. टेबलाच्या कडेची वाट भरून गेली, दारात गर्दी झाली. सॅम्युएलने बटणांपाशी उभं राहून गाडी सोडली. पाटावरच्या पुलावरून ती झोकात गेली, मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि चार नंबरवर इंजिन तिरकं होऊन घसरलं.

"अपघात!" एक मुलगी आनंदाने ओरडली.

सॅम्युएलने इंजिन उचलून पुन्हा रुळावर ठेवलं. पुन्हा घसरलं. त्याचे कान लाल झाले. "फलाटाला नको घ्यायला," तो म्हणाला. "बाहेरच्या मार्गावर नुसती फिरवतो."

दारातल्या माणसांना बाजूला करत आराधना आत आली. कोपऱ्यातली गन तिने प्लगला लावली, कथलाची तार घेतली, आणि प्रार्थनेसाठी नेसलेल्या पांढऱ्या साडीनिशी जमिनीवर बसली.

"ताई, आत्ता नको," सॅम्युएल हळूच म्हणाला. "साडी..."

"मोटारींचा करंट बंद कर," ती म्हणाली आणि पाठीवर आडवी होऊन आत सरकली.

मोबाईलचा उजेड तिने फळीवर धरला. एवढ्या रविवारांत तिने या उजेडात फक्त आपल्या पुढ्यातली तार बघितली होती. आज पहिल्यांदा सगळी फळी बघितली. पप्पांचे डाग गव्हाच्या दाण्याएवढे होते, एकसारखे, अजून चकाकणारे. त्यांच्या मधेमधे तिचे. करडे, ओबडधोबड, काही ठिकाणी तार सोडून बाजूला ओघळलेले. पप्पांनी असला डाग कधी राहू दिला नसता. बाहेर उकिडवं बसून तिने किती वेळा ऐकलं होतं. स्वतःचाच डाग मनासारखा बसला नाही की ते तो उपटून काढायचे आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. तिचे त्यांनी पाहिलेच नव्हते. वाकून बघण्याइतका दम त्यांच्यात नव्हता, आणि ते सांगायचं नव्हतं म्हणून कानाने ऐकून बरोबर म्हटलं होतं.

चार नंबरच्या मोटारीची तार तिच्याच डागात सैल हलत होती. तिने जुनं कथील काढलं. गन आधी तारेला लावून धरली, तार पुरती तापू दिली, मग कथील टेकवलं. ते आपोआप पसरलं आणि चकाकलं. घाई केली नाही की जमतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायला कुणी खाली आलंच नव्हतं.

"करंट चालू कर. आता दाब, सॅम."

खट्. तिच्या डोक्यावरून गाडी घरंगळत गेली. मुलांनी आरोळी ठोकली.

"बापासारखीच हाय पोर," भागूबाईंचा आवाज आला.

"वारसा म्हणतात तो हाच," पाळकसाहेब म्हणाले. "त्यांनी विश्वासाने आपलं काम लेकीच्या हाती सोपवलं."

आराधना बाहेर आली नाही. जिथे होती तिथून तिला फक्त पाय दिसत होते. भागूबाईंचे जोडवी नसलेल्या रुंद बोटांचे पाय, पाळकसाहेबांचे पायमोजे, आईच्या भेगाळलेल्या टाचा, मुलांची चुळबुळती पावलं. सगळे दाटीवाटीने टेबलाभोवती उभे.

"विश्वासाने नाही, पाळकसाहेब," ती म्हणाली.

आवाज फळीखालून आल्यामुळे आधी कुणाला कळलं नाही कोण बोललं. सॅम्युएलने गाडी थांबवली.

"त्यांना आडवं होता येत नव्हतं. म्हणून मला खाली पाठवलं. तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं. तुम्ही उभे राहून प्रार्थना करत होता, आणि मला वाटत होतं, माझं काम त्यांना पसंत पडलंय. ते हाती मिळण्याइतकं शिकायला मला इतकी वर्षं लागली, असं मला वाटत होतं."

"आराधना, बाहेर ये," रतनबाई म्हणाल्या. "माणसं आहेत."

"मला साक्ष द्यायची आहे, आई. त्यांनीच मागितली."

पाय हलायचे थांबले. तिने गन बाजूला जमिनीवर ठेवली. आवाज फुटला तो नेहमीच्या पट्टीतच, ग्रंथालयात बोलावं तसा. आता ती पाळकसाहेबांशी बोलत नव्हती.

"पप्पा, तुम्ही मला फसवलंत. मला तुमचा राग आलाय, फार राग आलाय, आणि तो मी गिळणार नाही. मला रेल्वेचं काही पडलेलं नव्हतं. मी तुमच्यासाठी येत होते. तुमच्याकडे दिवस थोडे राहिलेत, एवढं एकदा म्हणाला असतात, तर मी ही गन हातात घेतलीच नसती. वर, तुमच्या खुर्चीला खुर्ची लावून बसले असते आणि तुमच्या तोंडाकडे बघत राहिले असते."